दादांचं पंचविसावं रक्तदान

छापखान्यात त्यांना सगळे दादा म्हणत. मशीन खात्याचे फोरमन, वय बावन्न, आणि आवाज असा की तिन्ही मशिनं धडधडत असली तरी हाक पार टोकाला पोचायची. छापखान्यात दरवर्षी रक्तदानाचं शिबिर भरायचं आणि पहिला नंबर दादांचा ठरलेला. चोवीस वेळा दिलं होतं. जे कचरायचे त्यांची जेवणाच्या सुट्टीत ते यथेच्छ फिरकी घ्यायचे. मागच्या वर्षी बाइंडिंगच्या एका माणसाचं ब्लडप्रेशर जास्त निघालं म्हणून डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. दादा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सुई बघूनच उकळला. कुकर आहे नुसता." हशा पिकला आणि तो माणूस त्या दिवसापासून कुकर झाला.

यंदा पंचविसावी वेळ. मालकांनी पुष्पगुच्छ मागवून ठेवला होता.

डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली, आकडा बघितला आणि पुन्हा भरली. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे आठ. पंधरा मिनिटं बसवून मोजलं तरी तेच. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि घरात कुणाला प्रेशरचा त्रास होता का, असं विचारलं. दादांचे वडील पन्नाशीतच अर्धांगवायूने गेले होते. फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं होतं. तंबाखूपुढेही 'नाही', आणि पुडी शर्टाच्या खिशातून डोकावत होती. बाईंनी पुडीकडे बघितलं. जेवताना वरून मीठ, जेमतेम पाच तास झोप, सुटलेलं पोट, हे मग दादांनी आपणहून सांगून टाकलं, जणू कबूल केलं की रक्त घेतील.

"आज नाही घेता येणार," बाई म्हणाल्या. "उद्याच दवाखान्यात जा. हे अंगावर काढू नका."

दादांनी परोपरीने विनवलं. बाहेर लोक थांबलेत, एवढ्या वेळी चालवून घ्या, म्हणाले. तेवढ्यात कुणाला तरी चक्कर आली म्हणून बाई उठून गेल्या. समोर ट्रेमध्ये कापूस होता, चिकटपट्टी होती. आपण काय केलं ते दादांना केल्यावरच कळलं. कोपर दुमडून ते बाहेर आले. टाळ्या पडल्या, मालकांनी पुष्पगुच्छ देऊन पाठ थोपटली.

दाराशी सरबत-बिस्किटं वाटायला कुकर उभा होता. तिथून आतलं सगळं दिसायचं. त्याने दादांच्या हाताकडे बघितलं, बाकीच्यांना दिला तसाच पुडा त्यांनाही दिला आणि हलकेच म्हणाला, "गोळी सुरू करा, दादा. माझंही एवढंच निघालं होतं. आता बरं आहे."

दादांची कानशिलं तापली. त्याने चारचौघांत वाभाडे काढले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर कळलं की त्याने अवाक्षर काढलेलं नाही. कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, "कुकर, शिट्टी झाली का रे?" सगळे हसले, तोही हसला. दादांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. ते उठून उभे राहिले.

"काल मी रक्त दिलं नाही," ते म्हणाले. "प्रेशर निघालं म्हणून परत पाठवलं. पट्टी मीच चिकटवली. आणि मागच्या वर्षी याला जे बोललो ते बोलायला नको होतं."

आवाज पहिल्यांदाच पुढच्या बाकाच्या पलीकडे गेला नाही. जो तो आपापल्या डब्यात बघत राहिला.

त्या माणसाचं खरं नाव दादांना हजेरीपटात शोधावं लागलं. संध्याकाळी त्या नावाने हाक मारली, तर त्याने मान वर केली नाही. हाक आपल्यालाच आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दवाखान्यात जाऊन दादांनी गोळ्या आणल्या. बायकोला आकडा सांगितला, वडिलांचंही बोलले. ती बिचारी म्हणाली, एवढं प्रेशर असून रक्त दिलंत, धन्य आहे तुमची. पुष्पगुच्छ तिने तांब्यात पाणी घालून खिडकीत ठेवला होता. दादांनी तोंड उघडलं, आणि गोळी टाकून पाणी प्यायले.