धुतलेला हत्ती

"सोड राजा. मी धुऊन आणते ना," असं म्हणत मावशीने मुलाच्या मुठीतून सशाचा कान अलगद सोडवला आणि ससा पोत्यात टाकला. मुलगा रडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने त्याच्या खाटेची कळ फिरवली. डोक्याकडची बाजू करकरत वर आली, मुलगा बसता झाला आणि रडायचं विसरला. मावशी पुढच्या खाटेकडे सरकली.

लहान मुलांच्या त्या दवाखान्यात वार्षिक दिन संपला की हे काम तिच्याकडे असायचं. तशी ती वॉर्डातली आया. दुपारी पाहुणे यायचे. मोठे डॉक्टर वर्षभराची प्रगती वाचून दाखवायचे: नवा विभाग, नवी यंत्रं, बरी झालेली मुलं, समाजाचा भक्कम आधार. टाळ्या व्हायच्या. मग पाहुणे वॉर्डात शिरायचे, मुलांच्या हातात एकेक मऊ खेळणं द्यायचे, फोटो निघायचे. त्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या की मावशी पोतं घेऊन निघायची.

यात कुणाचा दुष्टपणा होता असं नाही. आजारी मुलांजवळ कापसाचं खेळणं ठेवायचं तर ते गरम पाण्यात धुऊन, खडखडीत वाळवून, बंद पिशवीतून आलेलं हवं, असा नियम होता आणि नियम शहाणाच होता. प्रश्न एवढाच, की धुवायचं कुणी? लाँड्रीवाला म्हणायचा, "माझं मशीन चादरींसाठी आहे. उद्या एखाद्या अस्वलाचं पोट आत फुटलं तर कापूस उपसायला तुम्ही येणार का?" स्टोअरवाला म्हणायचा, "मी ठेवतो. धूत नाही." सगळ्यांनी हात वर केले की पोती तशीच्या तशी स्टोअरच्या माळ्यावर चढायची. पुढच्या वर्षी पाहुण्यांनी आणलेली खेळणी कमी पडली, की माळ्यावरची झटकून खाली यायची. नियम मुलांच्या हातातून काढून घेताना सगळ्यांना आठवायचा, हातात देताना कुणाला आठवायचा नाही.

पण मुलाच्या मुठीतून खेळणं काढणं म्हणजे खायचं काम नाही. नव्या नर्सेसनी एकदा करून पाहिलं होतं, तेव्हा अख्खा वॉर्ड रडून उठला होता. तेव्हापासून हे मावशीच्या गळ्यात पडलं. जनसंपर्काचे साहेब तर दरवर्षी म्हणायचे, "मावशी, तुमच्याशिवाय आमचा कार्यक्रम पार पडत नाही." आणि मावशीला ते आवडायचं. खोटं कशाला बोला?

तिला जमायचं, त्याला कारण होतं. मुलांचा तिच्या शब्दावर विश्वास होता. सुई टोचायची वेळ आली की आईबापांना बाहेर काढायचे, नर्स म्हणायची, "काही दुखत नाही हं बाळा," आणि मूल मावशीकडे बघायचं. मावशी म्हणायची, "दुखेल. मुंगी चावते त्याच्यापेक्षा जास्त दुखेल. पण मी हात धरते, आणि थांबलं की सांगते." तिने मुलांना सुईबद्दल कधी खोटं सांगितलं नाही, याचा तिला कोण अभिमान होता. वर्षातून एकदाच ती खोटं बोलायची, "धुऊन आणते." त्याचं तिला काही वाटायचं नाही. मुलं चार दिवसांत घरी जातात, कुठला हत्ती आणि कुठला ससा.

तर गेल्या वर्षी त्याच फेरीत ती कोपऱ्यातल्या खाटेपाशी आली. तिथे रक्ताच्या दुखण्याची एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची असेल. वॉर्डात तिला सगळे वकिलीण म्हणायचे, कारण तिला एखादी गोष्ट पटल्याशिवाय ती करायची नाही आणि पटली की कुरकुरायची नाही. तिच्या मांडीवर करड्या रंगाचा हत्ती होता, आणि त्याच्या कानावर तिने दुपारचं लाल औषध सांडून ठेवलं होतं.

"हा धुवायलाच हवा," वकिलीण स्वतःहून म्हणाली. "मी घाण केलाय. डाग निघेल ना?"

"न निघायला काय झालं?"

"मग ने. पण आण हं."

"आणते की."

हत्ती पोत्यात गेला. पुढच्या आठवड्यात वकिलीण घरी गेली, आणि मावशीच्या डोक्यातून हत्ती गेला तो गेलाच.

या वर्षी वार्षिक दिनाच्या थोडं आधी वकिलीण परत आली. दुखणं उलटलं होतं. केस गेले होते, तोंडावर मास्क, खाटेभोवती पडदा. जीभ मात्र शाबूत होती. "मला तीच खाट द्या, मला तिथली सवय आहे," असं तिने सिस्टरना बजावलं होतं आणि सिस्टरनी ती दिली होती.

पाहुण्या बाई आल्या. चेहरा प्रेमळ होता, आणि बाई खरंच प्रेमळ असतीलही. फोटोवाला मागे, जनसंपर्काचे साहेब पुढे, मोठे डॉक्टर बाजूला. बाईंनी टोपलीतून हाताला लागेल ते खेळणं उचललं आणि वकिलिणीच्या हातात ठेवलं.

करडा हत्ती होता.

वकिलिणीने तो बघितला, फिरवला, कान उलटा केला, आणि मास्कच्या वरचे तिचे डोळे असे काही खुलले की फोटोवाल्याने पटापट तीन-चार फोटो काढून घेतले. "मावशी," ती ओरडली, "तू आणलास!"

पडद्याशी उभी असलेली मावशी एक पाऊल मागे सरकली.

"ओळखते का ही तुम्हाला? किती गोड," पाहुण्या बाई म्हणाल्या.

"हा माझा आहे. मावशीने धुवायला नेला होता," वकिलीण त्यांना समजावून सांगू लागली, आणि मध्येच थांबली. तिने कान पुन्हा उलटा केला. "पण मावशी, डाग तसाच आहे."

पाहुण्या बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी साहेबांकडे आणि साहेबांनी मावशीकडे. आता त्या क्षणी मावशीने खरं सांगावं, असं आपण इथे बसून म्हणू शकतो. तिथे ती उभी होती, समोर तिची नोकरी उभी होती, आणि मुलगी वाट बघत होती.

"निघालाच नाही गं," मावशी म्हणाली. "किती घासला. हात दुखले माझे. काही डाग निघतच नाहीत बघ."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. पाहुण्या बाई हसून पुढच्या खाटेकडे गेल्या. वकिलिणीने मावशीचा हात ओढून घेतला आणि त्याच्यावरून बोट फिरवलं.

"असू दे," ती म्हणाली. "मला चालेल तसा."

मावशीला वाटलं, हिने मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

गाड्या गेल्या. मावशी पोतं घेऊन निघाली आणि या वेळी तिने उलट्या टोकाने सुरुवात केली, म्हणजे कोपऱ्यातली खाट शेवटी येईल. पण वॉर्ड तो केवढा. पोहोचलीच.

"दे राणी," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून आपोआप निघाले. "धुऊन आणते."

"कशाला?" वकिलिणीने विचारलं. "डाग तर निघत नाही. तूच म्हणालीस. मग धुऊन काय उपयोग?"

मावशीला तिचाच शब्द आडवा आला होता.

"माझ्याकडेच राहू दे," वकिलीण म्हणाली. "एक वर्ष तुझ्याकडे होता ना."

शेवटी सिस्टर आल्या. सिस्टर कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी वकिलिणीला सरळ सांगितलं, "तुझ्या रक्तात सध्या लढायची ताकद कमी आहे. यातल्या धुळीने तुला ताप येईल." वकिलिणीला ते पटलं. तिने हत्ती दिला, पण मावशीच्या हातात दिला नाही, सिस्टरच्या हातात दिला. मग पडद्याकडे तोंड करून झोपली. रडली नाही.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "सिस्टर, हा मी धुते. खरंच धुते. मग देऊ का तिला?"

"गरम पाण्यात, आणि पूर्ण वाळलेला हवा. आतला कापूससुद्धा. बंद पिशवीत आणा, मग बघू," सिस्टर म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "या आधी कधी धुतलीत ही, मावशी?"

मावशीने त्यांच्या हातातून हत्ती घेतला. सिस्टरनी पुन्हा विचारलं नाही.

ड्यूटी संपल्यावर मावशी लाँड्रीत गेली. "मशीन मागत नाही तुझं. बादली दे आणि गरम पाणी दे," ती लाँड्रीवाल्याला म्हणाली. तिने हत्ती पाण्यात बुडवला, कानाला साबण लावला आणि चांगली कंबर कसून घासायला बसली. डाग निघणार नाही, असं तिलाही आता कुठेतरी वाटायला लागलं होतं. इतक्या वेळा मनात घोळवल्यावर आपलंच खोटं आपल्याला खरं वाटायला लागतं.

पहिल्याच हातासरशी डाग निघाला. साखरेचं औषध ते, पाण्याची वाटच बघत होतं. गुलाबी फेस आला, वाहून गेला, आणि कान असा कोरा झाला जसं काही तिथे कधी काही नव्हतंच. मावशी ओले हात तसेच ठेवून बघत बसली.

"काय झालं? निघाला की," लाँड्रीवाला म्हणाला.

"हो ना. एवढंच होतं," मावशी म्हणाली.

कापूस वाळायला मात्र दिवस लागले. बॉयलरच्या वरच्या पाइपावर तिने हत्ती टांगला. रोज येऊन पोट दाबून बघायची, पुन्हा टांगायची. लाँड्रीवाला थट्टा करायचा, "मावशी, तुमचा पेशंट काय म्हणतो?" या दिवसांत वकिलीण तिच्याशी बोलायची, नाही असं नाही. पाणी दे म्हणायची, उशी नीट कर म्हणायची. हत्तीचं नाव काढायची नाही. मावशीने एकदा म्हटलं, "वाळतोय हं तुझा हत्ती." वकिलीण म्हणाली, "बरं."

एकदाचा हत्ती वाळला. सिस्टरनी दाबून, हुंगून पाहिला, पिशवी बंद केली आणि मान हलवली. मावशी जवळजवळ पळतच कोपऱ्यात गेली. या वयात तिला कुणी पळताना बघितलं नव्हतं.

"घे," ती म्हणाली. "आणला. आता कुणी नेणार नाही."

वकिलिणीने पारदर्शक पिशवी हातात घेतली. हत्ती बघितला. कान बघितला, मग दुसरा कान बघितला. मग उशीखालून एक फोटो काढला. जनसंपर्काच्या साहेबांनी वार्षिक दिनाचे फोटो प्लॅस्टिकमध्ये बंद करून मुलांना वाटले होते. स्पिरिटने पुसता येतात म्हणून ते ठेवायला परवानगी होती. फोटोत वकिलीण डोळ्यांनी हसत होती, शेजारी पाहुण्या बाई होत्या आणि हत्तीच्या कानावर लाल डाग स्वच्छ दिसत होता.

तिने फोटो आणि पिशवी शेजारीशेजारी धरली.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"तोच आहे गं. मी धुतला. माझ्या हातांनी धुतला."

"त्याचा डाग निघत नाही. तू घासून बघितला होतास. हात दुखले होते तुझे."

"या वेळी निघाला."

वकिलिणीने मावशीकडे बघितलं. राग नव्हता. मोठी माणसं लहान मुलाची फुशारकी ऐकून घेतात, तसं ती ऐकून घेत होती.

"मावशी," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "हरवला असेल तर तसं सांग ना. मी काही रडणार नाही."

मावशीच्या ओठांवर सगळं आलं होतं. धुतलाच नव्हता, माळ्यावर पडला होता, तू घरी गेलीस आणि मी विसरले. पण आता ते कोण खरं मानणार? एक खोटं लपवायला रचलेली आणखी एक थाप, एवढीच त्याची किंमत होती. तिच्या मनात औषधाच्या बाटलीचाही विचार येऊन गेला. एक थेंब कानावर टाकला की हत्ती हिचा होईल. आणि थेंब पडला की सिस्टर तो काढून घेतील.

"दुसऱ्या कुणाला दे हा," वकिलीण म्हणाली आणि पिशवी परत केली. फोटो उशीखाली ठेवला.

मावशी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिली. तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आल्या. रक्त काढायची वेळ झाली होती. वकिलिणीच्या आईला बाहेर बसवलं, पडदा ओढला. मावशीने पिशवी स्टुलावर ठेवली आणि सवयीने खाटेच्या त्या बाजूला जाऊन हात पुढे केला. उत्तरही सवयीनेच तिच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

सुई बाहेर आली. वकिलिणीने बाही वर केली, मान वळवली आणि विचारलं,

"सिस्टर, दुखेल का?"

सिस्टर गोंधळल्या. त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी खाली बघत होती.

"थोडंसं," सिस्टर म्हणाल्या.

वकिलिणीने मान डोलावली. हात मात्र तिने मावशीचाच धरला, कारण त्या बाजूला दुसरा कुणाचा हात नव्हता.