सगळ्यात लांब ब्रेक

"टीव्हीवाल्यांचीच टोपी डोक्यावर घालतोस, त्यांचेच पैसे घेतोस, आणि वर गद्दार मी?" ट्रिग ओरडला.

"गद्दार म्हणालो का मी तुला?" त्याचा बाप लाइल बुटाची नाडी बांधत होता, मान वर न करता बोलला. "मी एवढंच म्हणालो, हॅलम कॉलेजचा निळा शर्ट ह्या घरात धुतला जाणार नाही."

"मग मी तिकडेच धुईन."

"आधी मशीन लावता येतं का तुला ते सांग," त्याची आई मर्ना म्हणाली. ती चिली ढवळत होती. "आणि हळू बोला. सात वाजलेत सकाळचे."

सकाळी सातला खिमा, राजमा आणि मिरच्या कोण शिजवतं? डनमोर गाव शिजवतं. कॉलेजच्या फुटबॉलची मॅच दहाला होती म्हणून. पूर्वी शनिवारी दुपारी निवांत मॅच असायची, लोक जेवूनखाऊन यायचे. आता वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि सोमवारी कळवतात, की अमुक वाजता खेळा, म्हणजे पूर्वेकडच्या लोकांना जेवताना बघायला होईल. पूर्वेकडचे बघतात का, तर नाही. पण डनमोर आपलं सकाळी सातला चिली खातं.

भांडण उन्हाळ्यापासूनचं होतं. खरं तर त्याच्याही आधीचं.

डनमोर कॉलेज ज्या गटात खेळायचं, तो गट ट्रिगच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. सगळी कॉलेजं आसपासची, फार तर डोंगराच्या पलीकडची. मग हॅलमला दुसऱ्या समुद्राकाठच्या गटाने बोलावलं, कारण त्यांच्याकडे टीव्हीचा मोठा करार होता. हॅलम गेलं. ते गेलं म्हटल्यावर बाकीचे असे पळाले जशी काही आग लागली होती. डनमोरला कुणी बोलावलंच नाही. गावात दुकानं चार आणि बाकी सगळा गहू, इथे टीव्ही बघणार कोण? उरलेल्यांनी कुठली कुठली कॉलेजं गोळा करून नवा गट केला, त्याला टीव्हीने चणेफुटाणे दिले, आणि मग खर्च कापायला सुरुवात झाली. फुटबॉलला हात लावला नाही. फुटबॉलला कोण हात लावणार? फेक आणि उड्या गेल्या. हातोडा, थाळी, गोळा, भाला, सगळं. कोचने हे व्हिडिओवर सांगितलं, सांगताना त्याचा कुत्रा मागे भुंकत होता.

ट्रिग हातोडा फेकायचा. तारेच्या टोकाला लोखंडी गोळा, तो गरागरा फिरवून सोडायचा. राज्यात तिसरा होता तो. धान्याच्या उंच कोठारांमागे फेकीचा जाळीचा पिंजरा होता, त्याला मे महिन्यात कुलूप लागलं. एकदा तो जाऊन कुलूप बघून आला. राग येईल असं वाटलं होतं. नुसतं कुलूप दिसलं.

हॅलमकडे पैसा आहे, तिथे सगळे खेळ चालू आहेत. त्यांच्या कोचचा फोन आला: जानेवारीत जागा आहे, शनिवारपर्यंत सांग. आज शनिवार.

आणि बापाचं काय, तर बाप लाल टोपीवाला. एरवी लाइल सहकारी कोठारात गहू उतरवून घ्यायचा. पण मॅचच्या दिवशी टीव्हीवाले त्याला दीडशे डॉलर आणि एक सँडविच द्यायचे. जाहिराती लागल्या की लाल टोपी घालून मैदानात चार पावलं आत जायचं, छातीवर हातांची फुली करायची आणि उभं राहायचं. तो उभा आहे तोवर खेळ बंद. बावीस दांडगे गडी, पंच, बँड, सगळे थांबलेले. मग बाहेरच्या टीव्हीच्या ट्रकमधून कोणीतरी कानातल्या इअरफोनवर सांगायचं, चला, की हा एक बोट हवेत फिरवायचा, मागे सरकायचा, आणि खेळ चालू. अकरा वर्षं हेच. लहानपणी ट्रिगला वाटायचं बापच मॅचचा मालक आहे.

"हे बघ," लाइल उभा राहिला. "आज तुम्हा फेकीवाल्यांचा सत्कार आहे ना मैदानात?"

"सत्कार कसला. टाळ्या वाजवून घालवणार."

"ऐक तर. कार्यक्रम ठरवणाऱ्या ब्रेंडाने तो जाहिरातींच्या छोट्या ब्रेकमध्ये ठेवला होता. मी जाऊन भांडलो तिच्याशी. दुसऱ्या सत्रातला सगळ्यात लांब ब्रेक मागून घेतला तुमच्यासाठी. लांबातला लांब. सगळ्यांची नावं नीट घेता येतील." त्याने टोपी हातात फिरवली. "एकदा आपल्या मैदानात आपलं नाव ऐक. टॉर्गसन. मग ठरव. मी काही बोलणार नाही."

"खरंच?"

"मर्ना साक्षीला आहे."

"मी कशाचीच साक्षीदार नाही," मर्ना म्हणाली. "चिली खाऊन जा."

ट्रिग म्हणाला, बरं.

स्टेडियम अर्धंही भरलं नव्हतं. समोरचा संघ न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या कुठल्याशा कॉलेजचा होता. त्यांना शिव्या कशा द्यायच्या हेच कुणाला माहीत नव्हतं. हॅलमला द्यायच्या शिव्या तयार होत्या, पाठ होत्या, गाण्यात बसवलेल्या होत्या. त्या आता कुणाला द्यायच्या? पोरं गप्प बसून फोन बघत होती.

फेकीवाले सहा जण कडेला रांगेत उभे होते. नावं आडनावाच्या इंग्रजी क्रमाने, म्हणून सगळ्यात पुढे लोसा अफोआ, सगळ्यात मागे ट्रिग. थाळी फेकायची ती, टकोमा शहरातली.

"माझी आई तिकडून पाच तास गाडी चालवत आलीये," ती मागे वळून ट्रिगला म्हणाली. "तिला वाटतंय मला बक्षीस आहे. मी सांगितलं, आई, हाकलतायत आम्हाला. तर म्हणे, मग केस तरी नीट बांध."

"बांधलेस का?"

"गप. तुझी ती मिशी बघ आधी. हॅलमवाले मिशीवाल्यांना घेतात?"

"अजून ठरलं नाही."

"ठरलं नाही म्हणे. माझं ठरलंय. मावशीच्या बेकरीत."

शिट्टी वाजली. लाइल लाल टोपी घालून मैदानात गेला आणि हातांची फुली करून उभा राहिला. खेळाडू पाणी प्यायला लागले. ब्रेंडाने रांगेला हात केला, सहाही जण चालत आत गेले. बाप अगदी समोर होता, हाक मारली तर ऐकू जाईल एवढा. फुली केलेल्या हातांमागून तो हसला.

स्पीकरवर लोसाचं नाव आलं. तिने हात वर केला, वरच्या रांगेतून एक बाई एवढ्या जोरात ओरडली की लोक वळून बघायला लागले. मग बेकस्ट्रँड. मग डोर्सी. टाळ्या होत होत्या, अगदीच काही वाईट नाही. निवेदिका सावकाश वाचत होती, गावाचं नाव, फेकीचं अंतर, सगळं. लांब ब्रेक होता ना. चौथं नाव झालं.

ट्रिग बापाकडे बघत होता म्हणून त्याला दिसलं. लाइलने डावा हात कानाशी नेला. भुवया वर गेल्या. त्याने पोराकडे बघितलं, निवेदिकेच्या खिडकीकडे बघितलं, परत पोराकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात त्याचा उजवा हात वर गेला, बोट हवेत गोल फिरलं, आणि तो चार पावलं मागे सरकला. पंचाने शिट्टी मारली.

"बाहेर, बाहेर, पळा!" ब्रेंडा ओरडली. सहा जण पळत बाहेर आले. स्पीकरवर पाचव्याचं अर्धं नाव आलं आणि बँड सुरू झाला. एक राक्षसासारखा खेळाडू ट्रिगला खांद्याने घासून गेला आणि सॉरी म्हणाला.

"काय झालं?" लोसाने विचारलं.

"चालू झालं."

"तुझं नाव?"

"राहिलं."

लोसाने एक इंग्रजी शिवी घातली, मग आपल्या भाषेतली एक, लांबलचक. ट्रिगला वाटलं ती आपल्यासाठी रागावलीये तर आपणही रागवायला पाहिजे. पण सकाळचा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मैदानात खेळ चालला होता, तो बघत राहिला. कोणीतरी चेंडू पाडला. मग त्याने फोन काढला आणि जिन्याखाली जाऊन हॅलमच्या कोचला लावला. बोलणं लवकर संपलं. कोच म्हणाला, शाब्बास पोरा. ट्रिग म्हणाला, हो.

मध्यंतरात लाइल मैदानात येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. हातात सँडविच, कागद न काढलेला.

"मी हॅलमला हो सांगितलं," ट्रिग म्हणाला.

लाइलने सँडविच ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"टीव्हीवाल्यांची एक जाहिरात गळली," तो म्हणाला. "तेवढी जागा विकलीच गेली नव्हती म्हणे. कानात आलं, लवकर परततोय, लाइल, चल."

"मला वाटलंच तसं काहीतरी."

"मी फिरवलं नाही रे बोट. कानात आलं की ते फिरतं."

"माहितीये बाबा."

"थांबलो असतो थोडा, तर काय केलं असतं त्यांनी?" लाइल त्याच्याकडे बघत नव्हता, मैदानात बँडची पोरं रांगांनी उभी राहून अक्षरं करत होती तिकडे बघत होता. "ओरडले असते. पुढच्या मॅचला दुसरा कुणी आणला असता."

"हो."

"एवढंच झालं असतं."

हे त्याला आत्ताच कळलं असावं असं तो बोलला. ट्रिगने वाट बघितली, आता तरी राग येतोय का. नाही आला. 

"म्हणजे जानेवारीत," लाइल म्हणाला.

"पाच तारखेला."

"घाटात बर्फ असेल. टायरच्या साखळ्या माझ्या घेऊन जा, तुझ्या गंजल्यात." तो थांबला. "आणि तो शर्ट. मर्नाला सांगतो मी. म्हणजे, धुवायचं काय ते."

"मी धुईन तिकडे."

"नाही, घरी आलास तर."

"बघू."

लाइलने मान हलवली. सँडविच पोराच्या हातात दिलं. मग त्याचा हात कानाशी गेला, डोळे कुठेतरी लांब गेले, आणि त्याने खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली.

"ट्रिग," तो म्हणाला, "मला आता जायला हवं."