परत द्यावी

धाकटीचा फोन आला तेव्हा थोरलीची बॅग भरून दाराशी तयार होती. "ताई, यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं उद्यावर आलंय. मला नाही निघता येणार." थोरली "बरं" एवढेच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नऊ वर्षांत बहिणींची गाठ पडली नव्हती. दोघींना सारख्याच अंतरावर पडेल अशा, तळ्याकाठच्या हॉटेलात तिने चार दिवसांसाठी खोली घेतली होती. पैसे आगाऊ भरले होते आणि सूचना एकच लिहिली होती: दोन्ही पलंग जोडून ठेवावेत. लहानपणी धाकटी झोपेत तिच्या अंगावर पाय टाकीत असे. थोरलीने त्याबद्दल जन्मभर कुरकुर केली होती.

"आई, मावशींना पुढची तारीख विचारा ना," सून म्हणाली.

"तिने विचारावी. मोडता तिने घातला, मी नव्हे."

"मग पैसे तरी परत मागू. उशीर झालाय, पण विचारायला काय जातंय?"

"पैसे हा शब्द माझ्या पत्रात यायचा नाही. मी सांगते तसं लिही."

तीस वर्षे शाळेची मुख्याध्यापिका असलेल्या सासूपुढे सुनेने मुकाट्याने मोबाइल हातात घेतला. मजकूर असा निघाला: 'कौटुंबिक अडचणीमुळे उद्याची खोली रद्द करीत आहोत. नियमात बसत असल्यास परत द्यावी.'

"काय परत द्यावी?"

"रक्कम. समजणाऱ्याला समजते."

बॅग मात्र तिने उपसली नाही. आत धाकटीसाठी विणलेला स्वेटर होता, नऊ वर्षांपूर्वीच्या मिठीच्या अंदाजाने बेतलेला. दोन दिवस ती येता-जाता बॅगेला वळसा घालीत राहिली. फोन वाजला की चष्मा शोधू लागे.

तिसऱ्या दिवशी हॉटेलचे उत्तर आले. सुनेने हसू दाबत वाचले: 'आदरणीय बाई, उशिरा रद्द केल्यास पैसे परत करता येत नाहीत. परंतु आपण खोलीच परत मागितलीत, म्हणून मालकांनी खास बाब म्हणून ती दिली आहे. येत्या दोन महिन्यांतील तारीख कळवावी. पलंग जोडून ठेवू.'

"आई, त्यांची चूक झालीय. कळवू का?"

थोरलीने मोबाइल घेऊन ते उत्तर स्वतः दोनदा वाचले. "चूक कसली? वाक्य माझं आहे. त्याचा तो अर्थही होतो."

मग तिने नंबर लावला. धाकटीने पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, रागावलीस ना?"

"डोळा कसा आहे त्यांचा?"

"पट्टी निघाली. आता माझ्या सुरकुत्या मोजत बसतात."

"मोजू देत. हे बघ, त्या हॉटेलवाल्यांनी खोली पुन्हा आपल्या गळ्यात मारली आहे. घोटाळा त्यांचा आहे, मी काही मागायला गेले नव्हते. तारीख सांग."

पलीकडून कॅलेंडरची पाने उलटल्याचा आवाज आला.

"ताई, मी अजून झोपेत पाय टाकते हं."

"टाक," थोरली म्हणाली.