बावीस बाकं

आमच्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत देवळात, बावीस बाकं आहेत आणि अकरा वर्षं दर रविवारी, दहा ते साडेदहाच्या मधल्या अर्ध्या तासात, मी ती एकट्याने फिरवत आलो, आणि दुपारी परत होती तशी. मी इथला राखणदार. झाडणं, घंटा, दिवे, किल्ल्या ही माझी कामं. बाकं फिरवणं त्यात नव्हतं. ते भांडणानंतर माझ्या गळ्यात पडलं.

भांडण एका टेबलावरून झालं. उपासना चालवणाऱ्या पाळकांचं टेबल पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली असायचं आणि आम्ही सगळे तिकडे तोंड करून बसायचो. गल्लीतल्या घड्याळजींच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. टेबल समोरच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला लावलं की आवाज चांगला घुमतो, हे घड्याळजींच्या लक्षात आलं. त्यांनी एका शनिवारी चार माणसं घेतली, टेबल हलवलं आणि बाकंही फिरवली. विचारलं कुणालाच नाही. माणूस तसा भला, पण एकदा एखादी गोष्ट बरोबर वाटली की विचारायचं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी माझी बायको आत आली आणि दारातच थांबली. महिन्यापूर्वीच त्या खिडकीखाली तिच्या आईची शवपेटी ठेवली होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, या खिडकीकडे पाठ करून मी या देवळात कधीही बसणार नाही. एवढं बोलून ती बाहेर पडली आणि तिच्यामागून अर्धी मंडळी उठली. घड्याळजींनी माफी मागायला हवी होती, हिने त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचा विचार करायला हवा होता. दोन्ही झालं नाही. एका मंडळीच्या दोन झाल्या. पहिली आठ वाजता, खिडकीकडे तोंड करून. दुसरी साडेदहाला, भिंतीकडे तोंड करून. टेबलं दोन, पाळक दोन, कपाटं दोन, कुलपं दोन. झाडूसुद्धा दोन आहेत. एकदा चुकून पहिल्यांचा झाडू दुसऱ्यांच्या टेबलाखाली फिरवला, तर मला चिठ्ठी आली होती.

बाकं कुणी फिरवायची यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. मीच.

तशी मला पद्धत सापडली होती. बाक मधल्या वाटेत ओढायचं, एक पाय जागेवर रोवून दुसरं टोक उचलायचं, गोल फिरवायचं, परत आत ढकलायचं. एका बाकाला प्रभूने शिकवलेली प्रार्थना एकदा म्हणून होते. घाईत असलो तर आमेन पुढच्या बाकावर. हीच प्रार्थना मी आठच्या उपासनेतही ऐकतो आणि साडेदहाच्याही, शब्दाला शब्द तीच. फरक इतकाच की पहिले लोक ती संथ म्हणतात आणि दुसरे भराभर. दोन्हीकडे बसणारा मी एकटा. कधी कधी फार राग यायचा. वाटायचं, दोन्ही मंडळ्यांना कान धरून एका जागी बसवावं आणि म्हणावं, ऐका जरा, तुम्ही एकाच बापाशी बोलताय.

त्यात आमच्या मुलीने नवरा शोधला तो नेमका घड्याळजींचा मुलगा. लग्न नोंदणी कचेरीत झालं, कारण देवळात कुठल्या वेळेला करायचं ते ठरेना. विहीण आणि व्याही यांनी एकाच कागदावर सह्या केल्या, एकमेकांकडे न बघता. मुलगी सासरच्यांबरोबर साडेदहाला जाऊ लागली. आता तिला मुलगी झाली. तीन महिन्यांची आहे, डोक्यावर केस असे की आधीच भांग पाडता येतो. ज्या रविवारची ही गोष्ट, त्या रविवारी साडेदहाला तिचा बाप्तिस्मा होता.

हिने पांढरा फ्रॉक स्वतः विणला. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा मनासारखा जमला. घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "फ्रॉक जाईल. मी येणार नाही. शब्द दिलाय मी." हिच्याशी वाद घालायला मी काही नवीन नवरा नाही. फ्रॉक घेऊन गेलो. मुलीने तो उलगडून पाहिला आणि मला एवढंच म्हणाली, "बाबा, पहिल्या बाकाचं टोक रिकामं ठेवा." कुणासाठी ते मी विचारलं नाही. मला त्या पोरीच्या बाप्तिस्म्यापेक्षा त्या रिकाम्या टोकाची जास्त काळजी लागली. एकदा ते रिकामं राहिलं की आयुष्यभर मायलेकींच्या मधे तसंच राहणार, हे मला दिसत होतं.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वी वजन उचलायला साफ मनाई केली होती. पण मी बाकं सोडली असती, तर एक मंडळी दुसरी जागा घेऊन निघून गेली असती. तशी बोलणी सुरूच होती. निदान छप्पर तरी एक राहावं म्हणून मी गप्प बसलो आणि कमरेला पट्टा बांधला.

तो रविवार आला. आठची उपासना संपली, लोक गेले. ही बाजूच्या खोलीत टेबलावरचं कापड घडी करत बसली. एरवी सव्वादहाच्या आत ती घरी पोचलेली असते. त्या दिवशी तेच कापड तिने तिसऱ्यांदा उलगडलेलं मला दारातून दिसलं. मी बाकांकडे वळलो. खिडकीच्या बाजूने सुरुवात केली. अकरा बाकं झाली. बारावं मधल्या वाटेत ओढलं, टोक उचललं, आणि कमरेत अशी कळ आली की प्रार्थना अर्ध्यावर राहिली आणि मी जमिनीवर आडवा झालो.

आवाज ऐकून ही धावत आली. आधी घाबरली, मग पट्टा दिसल्यावर चिडली. डॉक्टरांचं सगळं तिने दोन प्रश्नांत काढून घेतलं. मग मला उचलू पाहत होती, तेवढ्यात मुलगी, जावई आणि घड्याळजी बाळाला घेऊन आले. लवकर आले होते, पहिलंच नातवंड. जावई डॉक्टरांना आणायला पळाला. बारावं बाक वाटेत तिरकं अडकलं होतं आणि मी त्याच्या खाली अर्धा. घड्याळजींनी कोट काढला, बाकाचं एक टोक धरलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोशी बोलले.

"विहीणबाई, ते टोक धरा. एकट्याने उचलवणार नाही हे."

तिने धरलं. बाक उचललं गेलं. पण त्यांनी ते भिंतीकडे वळवायला सुरुवात केली आणि हिने खिडकीकडे. दोघांनीही जोर लावला. शेवटी बाक बाजूच्या भिंतीशी आडवंच टेकलं आणि मला त्यावर निजवलं. मी तिथून सगळं देऊळ बघत होतो, इतक्या वर्षांत असं निजून कधी पाहिलं नव्हतं.

देवळाच्या बरोब्बर मधोमध बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. ते जमिनीत रोवलेलं, म्हणून ते कुणाला हलवता आलं नव्हतं. कुंडाच्या खिडकीकडची अकरा बाकं मी फिरवली होती, भिंतीकडची दहा तशीच होती. म्हणजे अर्धी बाकं पश्चिमेकडे तोंड करून, अर्धी पूर्वेकडे. मधे पाणी.

जावई डॉक्टरांना घेऊन परतला, त्यांनी सुई टोचून मला तिथेच निजून राहायला सांगितलं. लोक येऊ लागले. दुसऱ्या मंडळीचे पाळक आले, तरुण माणूस, घोटाळा बघून गडबडले. उरलेली दहा बाकं फिरवायला त्यांनी माणसं बोलावली. तेव्हा ही पुढे झाली. कुंडाजवळच्या न फिरवलेल्या पहिल्या बाकाशी गेली, समोर पाहिलं. समोर कुंड, कुंडापाशी मुलगी आणि बाळ, आणि त्यांच्या मागे ती मोठी खिडकी. तिच्या आईची खिडकी.

"या बाकाला कुणी हात लावू नका," ती म्हणाली. आणि टोकाला बसली.

शब्दही राहिला आणि जागाही भरली. मला रडू आलं. कमरेमुळे आलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, कुणी मानलं नाही. पाळकांनी एकदा घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजी कुंडाच्या दुसऱ्या बाजूला, हिच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले, खिडकीकडे पाठ करून. मग ते उठले आणि तिथूनच म्हणाले, "त्या शनिवारी मी विचारायला हवं होतं." हिने मान हलवली. बस, एवढंच. अकरा वर्षं मी यासाठी केवढी भाषणं मनात तयार करून ठेवली होती.

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, तिने सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. मग प्रार्थना सुरू झाली. दुसरी मंडळी नेहमीसारखी भराभर निघाली. हिचा आवाज मोठा आणि चाल संथ, ती पहिल्याच ओळीला मागे पडली. मी डोळे मिटून ऐकत होतो. रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत ती एकटीच मागे होती. क्षमेच्या ओळीला घड्याळजींचा आवाज हळू झाला, हिच्यासाठी थांबला. त्यांच्यामागे मुलगी थांबली, मग एकेक करून बाकीचे. आमेन सगळ्यांचं एकदम पडलं.

डॉक्टरांनी मला महिनाभर सक्त विश्रांती सांगितली आहे. आता बाकं कोण फिरवणार, म्हणून दोन्ही पाळक घरी येऊन गेले. हिने दोघांना चहा दिला आणि सांगितलं, आहेत तशी समोरासमोर राहू देत, नवी पद्धत ठरली की बघू. तीन रविवार झाले. अजून कुणी बाकांना हात लावलेला नाही.