दादाचा डावा पाय

मी मेकॅनिक झाले ती नवऱ्याच्या स्कूटरवरच्या रागातून. ती रोज सकाळी रुसायची आणि हे तिला गोंजारत बसायचे. एक दिवस मीच पाना उचलला. मला शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुका दाखवायलाही कोणी नव्हतं.

आमच्या मालकीणबाई पाहुण्यांना इंजिनाच्या उघड्या बग्गीतून वाळूच्या टेकड्यांवर फिरवत. चार बग्ग्या, चार ड्रायव्हर आणि पत्र्याच्या शेडमध्ये मी. तीन नंबरची बग्गी माझ्या थोरल्या भावाकडे होती. माझं वजन पंच्याहत्तर किलोवर गेलं तरी दादा मला चिमणीच म्हणायचा, तेही गिऱ्हाइकांसमोर.

उन्हाळा सुरू होताना तो सांगत आला की क्लच स्लिप होतोय, चढावर इंजिन बोंबलतं पण गाडी पुढे सरकत नाही. आदल्याच महिन्यात मी तिची क्लच प्लेट आणि इंजिनामागचं, तेल अडवणारं ऑइल सील बदललं होतं. माझं काम महिन्याभरात बिघडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. मी केबलचा ढिलेपणा पाहिला, तो बरोबर होता. मग चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरांसमोर निकाल देऊन टाकला.

"दादा, तुझा डावा पाय क्लचच्या पेडलवर झोप काढतो, मग तो स्लिप होणारच. पायाला जरा उठव."

सगळे हसले, दादाही हसला. पुढे कितीतरी दिवस तो शेडसमोरून गेला की कोणीतरी घोरल्याचा आवाज काढायचं.

तीन आठवड्यांनी एका चढावर गाडी अर्ध्यातच दमली आणि चार पाहुण्यांसकट उलटी घसरत खाली आली. कोणाला लागलं नाही. दादानं किल्ली मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली आणि पायाचा भरवसा राहिला नाही म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. वय झालं त्याचं, असं मी स्वतःला समजावलं. त्याला तिकीट खिडकीवर बसवलं.

नव्या ड्रायव्हरनं चारच दिवसांत तीच तक्रार आणली. यालाही पायाचा धडा द्यावा म्हणून मी शेजारी बसून चढावर गेले. त्याचा डावा पाय पेडलपासून वीतभर लांब, खाली फळीवर टेकलेला होता. तरी इंजिन बोंबलत होतं. शेडमध्ये आणून मी हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. धडधाकट क्लच असता तर इंजिन तिथेच बंद पडलं असतं. ते आपलं खुशाल चालू राहिलं. ही परीक्षा दोन मिनिटांची. दादाच्या वेळी मला तेवढीही सवड झाली नव्हती.

गिअरबॉक्स उतरवला. प्लेट तेलानं माखलेली होती. सीलची रबरी कड आत दुमडली गेली होती. बसवण्याआधी तिला बोटानं तेल लावावं लागतं, नाहीतर ती कोरडी अडकून दुमडते. त्या दिवशी बाहेर पाहुणे खोळंबले होते आणि मी सील तसंच कोरडं ठोकलं होतं.

नवं सील तेल लावून, चारी बाजूंनी सारखं दाबत बसवलं. फ्लायव्हील पुसलं, नवी प्लेट मध्यावर धरून आवळली, गिअरबॉक्स चढवला. पुन्हा हँडब्रेक, पुन्हा वरचा गिअर. इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. त्या आवाजाचा मला एरवी आनंद होतो.

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्याची गाडी त्याला परत दे, आणि हे चारचौघांत सांग, हसवलंस तेही चारचौघांतच. मी सांगितलं. कोणी हसलं नाही. दादा खिडकीआडून ऐकत होता.

"म्हणजे माझा पाय नव्हता?" त्यानं विचारलं.

"नव्हता रे. माझा हात होता."

"मी तीन आठवडे तो उचलून धरत होतो, चिमणे. मांडीला गोळे यायचे. तरी गाडी स्लिप व्हायची. मला वाटलं, पाय टेकलेला असतो आणि मलाच कळत नाही."

मी किल्ली पुढे केली. त्यानं ती घेतली, हात पुसून घेतली. आम्ही दोघं चढाला लागलो. गाडी तक्रार न करता चढत होती. दादा मात्र दर गिअरला खाली पायाकडे बघत होता. समोर वळण आलं तरी त्याची नजर खालीच. मी हळूच "दादा" म्हटलं, तेव्हा त्यानं दचकून स्टिअरिंग वळवलं.

टेकडीच्या माथ्यावर त्यानं गाडी थांबवली आणि हँडब्रेक नीट ओढला.

"गाडी झकास केलीस," तो म्हणाला. "आता तू ने खाली."

मी त्याला खूप समजावलं, पुन्हा सवय होईल म्हटलं. तो ऐकून घेत होता, पण तोवर उतरून माझ्या बाजूला येऊन उभाही राहिला होता. मी सरकून त्याच्या जागी बसले. सीट पुढे ओढावी लागली, त्याचे पाय लांब आहेत.