हसत दिलेली कबुली

नको ते प्रश्न विचारणं हा प्रतिमा कर्णिकचा पेशाच होता. बाप मारायचा का, बायकोशी शेवटचं प्रेमाने कधी बोललात, झोपेतून दचकून उठता तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं, असले प्रश्न ती टेक्सासातल्या धिप्पाड माणसांना बिनदिक्कत विचारायची आणि ती माणसं मुळूमुळू रडत उत्तरं द्यायची. पण दिगंबरकाका समोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि बाईंची जीभ टाळ्याला चिकटली.

काका परके असते तर प्रश्नच नव्हता. ती नागपूरहून सायकॉलॉजी शिकायला आली तेव्हा पहिली टर्म इथेच टेक्सासात, अर्विंगला त्यांच्याच घरी राहिली होती. शोभाकाकूंनी तिला गाडी चालवायला शिकवलं, आणि पुढे तिचं लग्न मोडलं तेव्हा एका शब्दाने काही न विचारता महिनाभर घरी ठेवून घेतलं. अशा माणसाला समोर बसवून ‘काका, तुम्ही आयुष्यात काय लपवलंय?’ असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

गळ घातली होती ती काकूंनीच. त्यांचा एकुलता एक मुलगा नंदू इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून मिशिगनला निघून गेला होता. तिथे तो मोटारींचे मातीचे नमुने घडवायचं काम करायचा. “कुंभार झाला लेकाचा!” असं म्हणत काकांनी थयथयाट केला आणि या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं. त्याला सहा वर्षं झाली. मध्यंतरी घर बदललं, फोनचा नंबर बदलला. नंदूचा फोन कधी आला नाही. दर दिवाळीला काकू फोनच्या आसपास घुटमळत राहायच्या आणि काका गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. अलीकडे तर त्यांची झोपच उडाली होती.

“तू एवढ्या अमेरिकनांना बरं करतेस,” काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांनीच काय घोडं मारलंय?”

ओळखीच्या माणसावर उपचार करायचे नाहीत, हा धंद्यातला साधा नियम. प्रतिमाची वरिष्ठ आणि भागीदार रूथ हिनेही तेच सांगितलं. पण काका हटून बसले. प्रतिमा असेल तर येतो, परक्या बाईसमोर मी तोंड उघडणार नाही, असं त्यांनी साफ सांगून टाकलं. प्रतिमाला, खोटं कशाला बोला, मनातून बरंच वाटलं. काकांचं काही देणं आपल्याकडून फिटेल असं तिला वाटलं. भल्या माणसांच्या हातून चुका होतात त्या बहुतेक अशाच कारणाने.

रूथ आणि प्रतिमा मोजक्या पेशंटना एमडीएमए नावाचं औषध देऊन त्यांच्यासोबत दिवसभर बसत. औषधाने भीती गळून पडायची आणि वर्षानुवर्षं घशात अडकलेलं सगळं माणूस सहज बोलून टाकायचा. पण रूथ म्हणायची, औषध हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. खरं काम आधीचं आणि नंतरचं. आधी काही आठवडे तयारी करायची. मनात कशाची भीती आहे, काय वर येऊ शकेल, हे शुद्धीत असताना बोलून घ्यायचं. नंतर कित्येक बैठका घेऊन, जे दिसलं त्याचं काय करायचं ते ठरवायचं. लोणचं घातल्या दिवशी कोणी पानात वाढत नाही, तसंच हे, असं प्रतिमा स्वतःला समजावायची.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्याच्या अखेरीस सरकारने जाहीर केलं की एक जुलैपासून या औषधावर बंदी. झालं, एकच घाई सुरू झाली. महिन्याची तयारी काकांच्या वाट्याला जेमतेम दोन बैठकांची आली. घाईचं तरी कारण सांगता येतं. त्या दोन बैठकांत जे झालं त्याला कारण नाही.

पहिल्या बैठकीत काकांनी प्रतिमाच्या आईची तब्येत विचारली, गाडीचं ऑइल बदललंस का ते विचारलं. दुसऱ्या बैठकीत तिने धीर करून सुरुवात केली. “काका, आतून एखादी गोष्ट वर आली, अगदी कोणाला न सांगितलेली...” काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. दुसरा कोणी पेशंट असता तर प्रतिमाने ती नजर तिथेच पकडली असती. इथे तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

“आणि काका, त्या दिवशी काहीही आठवलं तरी दोन आठवडे कोणाला सांगायचं नाही. आधी आपण दोघं बोलू, मग ठरवू. मला तसा शब्द—”

“अगं, कळलं मला! मी काय कुकुलं बाळ आहे?” काका हसले.

रूथ प्रत्येक पेशंटकडून हे वाक्य त्याच्या तोंडून वदवून घ्यायची. ‘काका, असं नाही, शब्द द्या.’ एवढंच म्हणायचं होतं. प्रतिमा म्हणाली, “बरं काका.”

ठरलेल्या दिवशी रूथच्या घराच्या मागच्या खोलीत, गादीवर डोळ्यांवर पट्टी बांधून काका निजले. तासाभराने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. त्यांचा असा चेहरा प्रतिमाने कधीच पाहिला नव्हता. मग ते बोलू लागले, अगदी सहज.

नंदूचे फोन येत होते. घरचा नंबर त्याला ठाऊक नव्हता म्हणून काकांच्या ऑफिसात, दर दिवाळीला. तो आईला बोलवा म्हणायचा, आणि काका सांगायचे की आईला तुझ्याशी बोलायचं नाही. पहिल्या वर्षी रागाच्या भरात सांगितलं. दुसऱ्या वर्षी पहिलं उघडं पडेल म्हणून. पुढे ते तसंच चालू राहिलं.

काकूंचं ते फोनभोवती घुटमळणं प्रतिमाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी मात्र पट्टी काढली. त्यांचे डोळे लखलखत होते.

“किती सोपं होतं गं हे! शोभाला सांगून टाकतो. आत्ता.”

“आज नाही काका. आपलं ठरलंय ना?”

“काय ठरलंय?” काकांनी निरागसपणे विचारलं. खरंच, काय ठरलं होतं?

तेवढ्यात बेल वाजली. काकूंना संध्याकाळी यायला सांगितलं होतं, पण त्या दुपारीच मऊभाताचा डबा घेऊन हजर. सकाळपासून ह्यांच्या पोटात काही नाही म्हणून त्यांना राहवलं नव्हतं. रूथ मागच्या अंगणात होती. दार प्रतिमाने उघडलं.

“काकू, जरा बाहेर थांबाल का? अजून सेशन—”

“का गं? माझ्या नवऱ्याला भेटायला तुझी अपॉइंटमेंट घेऊ?” काकू थट्टेने म्हणाल्या आणि चपला काढू लागल्या.

दारात कोणीही येवो, आत सोडायचं नाही, हा रूथचा सगळ्यात कडक नियम. प्रतिमाने आजवर एका पेशंटच्या वकील नवऱ्यालाही दारातून परत पाठवलं होतं. शोभाकाकूंसाठी ती बाजूला झाली.

काकांनी दोन्ही हात पुढे केले. काकूंनी संकोचून प्रतिमाकडे पाहिलं आणि एक हात त्यांच्या हातात दिला. काकांनी मग सगळं सांगितलं, एकही फोन न वगळता. सांगताना ते हसत होते. तोंडभर, लहान मुलासारखं हसत होते.

“बघ, सांगून टाकलं! मला माफ कर शोभा. माझं तुझ्यावर फार प्रेम आहे गं.”

काकूंनी हात काढून घेतला. त्या रडल्या नाहीत. “नंबर आहे त्याचा?” एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला, हसतच. त्या आठवड्यात काकू मिशिगनला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

औषध उतरल्यावर काका कोसळले. पुढच्या बैठकांना ते न चुकता आले आणि आता मात्र प्रतिमाने एकही प्रश्न गिळला नाही. विचारायला आता भीती कसली उरली होती! काका हमसून हमसून रडले, तेही कुठल्याच औषधाशिवाय. “मी खरंच हसत होतो का गं?” असं ते दर वेळी विचारायचे. काकूंना फोन करायचे, पण त्या फोनवर यायच्या नाहीत.

शेवटी ऑक्टोबरात प्रतिमाच मिशिगनला, नोव्हाय गावी नंदूच्या घरी गेली. काकूंना समजावून परत आणायचं, निदान फोनवर बोलायला राजी करायचं, एवढं तरी आपण करायला हवं असं तिला वाटत होतं. दार नंदूने उघडलं. “आई, प्रतिमा इज हिअर,” असं आत ओरडून तो कामावर निघून गेला.

काकूंनी चहा टाकला. कपाळाला आठी नव्हती, बोलण्यात टोमणा नव्हता. प्रतिमाने सगळं समजावून सांगितलं. ते हसू काकांचं नव्हतं, औषधाचं होतं. औषधाने भीती जाते, लाज जाते, दुःखाची गोष्टसुद्धा माणूस आनंदाने सांगतो. काका आता रोज रडतात, हेही सांगितलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हसू औषधाचं होतं म्हणतेस. मग माफी मागितली ती कोणी?” त्या म्हणाल्या. “एवढ्या संसारात एकदाच म्हणाले, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तेही औषधच बोललं ना?”

“नाही काकू. ते खरं होतं.”

“तर मग हसूही खरं असणार. कुठलं खरं, कुठलं औषधाचं, हे तू निवडून देऊ नकोस मला.”

चहा निवत होता.

“आता रडतात म्हणतेस ते खरंही असेल,” काकू म्हणाल्या. “पण त्यांचा आवाज ऐकला की मला ते हसणंच दिसतं. हेच त्यांनी आधी शुद्धीत सांगितलं असतं ना, रडत, भीत, अडखळत, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. महिनाभर बोलले नसते. पण त्या घरातच राहिले असते. तुझं कामच होतं ना गं, ते आधी काढून घ्यायचं? का नाही विचारलंस त्यांना?”

“काका होते म्हणून,” प्रतिमा म्हणाली. “संकोच वाटला.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच प्रतिमाला सहन होईना.

“परक्या बाईकडे गेले असते तर बरं झालं असतं,” काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.