तीस पावलं वर

शिंपला. नखाएवढा, पांढरा, आतल्या बाजूने जरासा निळसर... धनुबाईने तो तळहातावर उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि तरी त्याचं काय करावं ते तिला कळेना. हा डोंगराचा उतार होता. इथे तूर असायची, तुरीच्या ओळींमधून मोर नि बंटी ही बारीक धान्यं, आणि कापणीच्या दिवसांत सगळ्या उताराला तापलेल्या पेंढ्याचा वास यायचा — शिंपला इथला कसा? पण पाणी इतकी वर्षं राहिलं की त्याचीही लेकरंबाळं होणारच. उन्हाळ्याच्या शेवटी धरणाचा फुगवटा ओसरला की नर्मदा थोडे दिवस खाली सरकायची आणि कुकड्या डोंगराचा पायथा उघडा पडायचा, राखाडी, भेगाळलेला, आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण कुणी ओढून काढावं तसा. तिला तो बघवत नसे. म्हणून या दिवसांत ती खाली उतरायचीच नाही. आज उतरली होती, कारण आज तिला घर दाखवायचं होतं.

"याहा, चिखलात नको बसू. होडीचा आवाज येतोय," वीरसिंग आईला म्हणाला.

घर दाखवायचं म्हणजे जागा दाखवायची. गेले चार दिवस तिच्या मुलाने हे तिला इतक्यांदा समजावलं होतं की त्याच्या शब्दांचा तिच्या कानांत आता नुसता आवाज उरला होता. उंबरखाडी जिथे नर्मदेला मिळते त्या तोंडाशी आपलं घर होतं; जुन्या मोजणीत ते 'नदीपात्रात' म्हणून लिहिलं गेलं; पात्रातलं घर हे घरच धरत नाहीत; म्हणून तळोद्याकडच्या वसाहतीत बाकीच्यांना जमीन मिळाली आणि आपलं नाव कापलं गेलं. आता अर्ज फिरून चौकशीला आला आहे. तलाठीबाई येणार, तू बोट दाखवायचं, त्या मोबाईलवर ठिपका घेणार. पाणी पुन्हा चढायच्या आत हे व्हायला हवं. तुझ्याशिवाय ती जागा कुणाला माहीत नाही... हे शेवटचं वाक्य तो दर वेळी हळू आवाजात म्हणायचा. घर मोडलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. बाप गेला. वाहरूकाकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा याहा असेलच असं नाही, हे त्याने म्हटलं नव्हतं. ते तिने आपलं आपण ऐकलं होतं.

'नदीपात्रात' कसं लिहिलं गेलं ते मात्र तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. करणसिंग, तिचा नवरा, त्या दिवशी खापरच्या बाजाराला गेलेला. दोन माणसं आली, घामाने निथळलेली. एकाच्या हातात वही. घर कुठे म्हणून लिहायचं, त्याने विचारलं. ती म्हणाली, खाडीवर. तो हसला होता — वाईट नव्हतं हसणं, दमलेल्या माणसाचं होतं — "बाई, खाडी समुद्राला असते. इथे कुठला समुद्र?" मग जोडीदाराकडे वळून, "पाण्यातच आहे म्हणते. नदीच्या पात्रात ना, बाई?" आणि ती हो म्हणाली. पात्र हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. पण ऊन फार होतं, पोरीला, दिवलीला, ताप होता, आणि हो म्हटलं की वहीवाली माणसं लवकर जातात एवढं तिला कळत होतं. करणसिंगने तिला कधी बोल लावला नाही. एकदाच, पुष्कळ वर्षांनी, ज्वारी पाखडत असताना, मान वर न करता म्हणाला, "ओढा म्हणायला हवं होतंस." पण ओढा हा शब्द तरी तिला कुठे माहीत होता? आमच्यात डोंगरातून वाहत येतं ते सगळं खाडीच.

परवा रिनानेही तेच वाचून दाखवलं होतं. नात आश्रमशाळेत सातवीला. "आजी, हे बघ, समुद्राचं पाणी नदीच्या मुखात उलटं शिरतं, त्याला खाडी म्हणतात." धनुबाईने विचारलं होतं, उलटं शिरतं? हो, उलटं. मग आता झालीच की, ती म्हणाली; नर्मदा उलटी वर चढली आणि उंबरखाडीच्या तोंडात शिरून बसली. बाजेवर पडलेला वाहरू म्हणाला, "समुद्र तेवढा यायचा राहिलाय. त्याचंही पुनर्वसन इथेच करतील."

होडी चिखलाला लागली. तलाठीबाई चपला हातात घेऊन उतरली, कोवळी पोर, गायत्री नाव, उतरता उतरता फोनवर घरच्या अहिराणीत बोलत होती, "हाव मम्मी, नदीवर शे... डबा खाई लिना... रेंज जाई ऱ्हायनी, ठेव." मग धनुबाईकडे वळून शाळेतल्या मराठीत म्हणाली, "चला आजी. सावकाश. तुम्हाला आठवेल तिथे उभ्या राहा."

आठवेल तिथे.

धनुबाई चालू लागली. मागे वीरसिंग, त्याचा हात धरून वाहरू — पंच म्हणून आणलेला — आणि त्यांच्या मागे बाई. पायांखाली भेगाळलेली माती कटकट मोडत होती. काहीच नव्हतं. असणार कसं? घर सोडलं तेव्हा नेता येईल ते सगळं त्यांनी वर नेलं होतं: सागाचे खांब, कुडाचे ताटवे, कौलं, जातं, चुलीचे तीन दगडसुद्धा, आणि मागचा मोह पाण्यात कुजू नये म्हणून करणसिंगने तोही तोडून खांद्यावर नेला होता. एक दगड तरी ठेवायचा... पण तेव्हा वाटलं, पाण्याला का म्हणून द्यायचं काही. नेता आलं नाही ते एकच. दिवली. घराच्या मागे, मोहाखाली, हातभर खोल पुरलेली; साडेचार वर्षांची. तिला कुठे नेणार.

"धनुभाभी, विसरलीस काय?" वाहरू मागून म्हणाला. "करणसिंग तर ताडी पिऊनसुद्धा बरोबर दारात येऊन पडायचा."

"तो दारात पडायचा. तू खाडीत," ती म्हणाली, आणि बाई हसली.

हसू विरलं तशी धनुबाई थांबली, श्वास घ्यायला, आणि सवयीने मान वर करून डोंगराकडे बघितलं. कुकड्याचा माथा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, पाच दातांचा. पाचही दिसत होते. आणि एकदम, छातीत कुणी दार ढकलावं तसं — पाच नाही! उंबऱ्यात बसून वर बघितलं की चारच दिसायचे, पाचवा पुढच्या सोंडेमागे लपायचा. दिवली बोटं दुमडून मोजायची आणि रडायची, कारण बाहेर पळत गेलं की पाच आणि आईच्या मांडीत बसलं की चार. धनुबाई दोन पावलं खाली सरली. पाच. आणखी खाली, डावीकडे, पाण्याच्या बाजूला... पाच... पाचव्याचं नुसतं टोक... आता चार. ती उभी राहिली. पायांखाली इतर कुठल्याही चिखलासारखा चिखल होता, आणि तिला माहीत होतं की ती आपल्या उंबऱ्यात उभी आहे, पाठीमागे बारा पावलांवर मोह आहे, समोर खाडी आहे, आणि ती इथे नांदली तेवढ्या पावसाळ्यांत त्या खाडीचं पाणी इथवर एकदाही आलं नव्हतं. ती बोलणारच होती.

"तिथे का, आजी?" बाईने मोबाईल पुढे धरला आणि तिचा चेहरा हळूच पडला. "ही लाल रेघ बघा. रेघेच्या आत पात्र धरलंय. इथे ठिपका घेतला तर तो आतच पडतो." तिने मोबाईलवरचं बोट उचललं. "मी अजून घेतलेला नाही."

वाऱ्याने तिचा दुपट्टा उडाला, तो सावरायला म्हणून ती बाजूला वळली. फारच वेळ सावरत राहिली. तेवढ्यात वीरसिंग आईच्या कानाशी आला. "तीस पावलं वर, याहा," तो म्हणाला. "फक्त तीस."

त्याच्या तोंडाला चुन्याचा वास येत होता. दर दिवाळीनंतर हा गुजरातेत ऊस तोडायला जातो, बायकोला घेऊन, आणि होळीनंतर वाळून परत येतो. रिना तेवढे महिने शाळेच्या लोखंडी पेटीवर झोपते. तीस पावलं म्हणजे किती... कोंबडी दाणे टिपत जाते तेवढी. धनुबाईने मुलाकडे बघितलं नाही. ती मोजत वर गेली, पाठ वाकवून, आणि तिसाव्या पावलावर थांबली. वर बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

"इथे," ती म्हणाली. "मघाशी चुकले. म्हातारीचं डोकं."

"नक्की ना? मला थोडी माहिती लिहावी लागेल. चूल कुठे होती?"

तिने हाताने चूल दाखवली. तीन दगड तिने तिथे मांडले. शेळ्या कुठे बांधायचात? त्या तिकडे, त्या खडकाला. तिने शेळ्या उठवल्या, त्या सरळ चढल्या, कारण शेळ्यांना चढायला काय लागतं. मग दार, मग दाराशेजारी करणसिंगची बाज. "इथेच तर बसून प्यायचो आम्ही," वाहरू म्हणाला, खडकाकडे तोंड करून, काही न दिसणाऱ्या डोळ्यांनी, आणि ते इतकं खरं वाटलं की क्षणभर तिलाही ताडीचा आंबूस वास आला. घर मोडून वर न्यायला तेव्हा तीन आठवडे लागले होते. आज घटकाभरात झालं.

"आणखी काही खूण, आजी? झाड वगैरे?"

"मोह," ती म्हणाली. "मागे. बारा पावलांवर." आणि मग, म्हणायचं नव्हतं ते, आपल्याच तोंडून तिने ऐकलं, "त्याच्याखाली माझी मुलगी आहे."

बाईने मान वर केली. वीरसिंग पाण्याकडे बघू लागला.

"नाव?"

"दिवली."

बाईने ते लिहिलं. ठिपका घेतला. वाहरूने अंगठा दिला. "मी पाठवते," बाई म्हणाली, "पुढचं वरचे लोक बघतील. मला काही सांगता यायचं नाही, आजी." तिच्या बोलण्यात खोटं नव्हतं. होडी सुरू झाली, तिचा धूर पाण्यावर बराच वेळ रेंगाळला.

"होईल काम," वीरसिंग म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

डोंगर चढताना ती मध्येच एका खडकावर टेकली. वीरसिंग वाहरूला घेऊन पुढे गेला. एकटी राहिल्यावर तिने डोळे मिटले, रोज मिटायची तसे, कारण दिवसातून एकदा ती घरात जाऊन यायची; कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. उंबरा, उंबऱ्यावरचं सकाळचं ऊन, मांडीतलं ते हलकं, तापलेलं अंग... घर आलं. चूल आली, बाज आली. पण ऊन मागून येत होतं, कुडाच्या फटींतून, आणि दारात सावली होती. तिने घर खाली ढकलून बघितलं. हललं नाही. आज जे जे तिने हाताने मांडलं ते तिथेच, तीस पावलं वर, बसलं होतं, बाईच्या अक्षरात, पक्कं. फक्त मांडीतली पोर कुठे दिसेना. मग दिसली. खाली उतारावर, जिथे घर नव्हतं तिथे, उघड्या चिखलात ती पाठमोरी उभी होती आणि डोंगराकडे बोट करून मोजत होती, एक, दोन, तीन... धनुबाईने हाक मारली. हाक तिच्यापर्यंत जात नव्हती, का जाऊनही तिला ओळखू येत नव्हती, ते कळेना. आणि धनुबाईला वाटलं, आता डोळे उघडले तर हे एवढंही राहायचं नाही, आणि मिटूनच ठेवले तर ही पोर मोजत राहणार, मागे वळून बघणार नाही.